अंडी कुणी आणली होती

अंडी तुम्ही आणली होती. हे आधी लिहिते, पाया नंतर पडते. एकदा पाया पडलं की मग विचारायचं राहून जातं, आणि हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर घरात काही बिनसलं की तुम्ही आधी पाय पुढं करून बसायचे. तर अप्पा, अंडी आणली तुम्ही, उकडली मी, खाल्ली थोरल्या भावानं, अण्णानं, आणि शाळा गेली माझी. आता पाया पडते. पडले.

लिहायचं कारण असं, की माझ्या धाकट्या लेकाची धाकटी पोरगी फौजी अकादमीच्या मुलाखतीला निघाली आहे. आता पोरींनापण घेतात. रोज सकाळी आरशापुढं छाती काढून उभी राहते आणि आरशालाच उत्तरं देते. परवा मला म्हणाली, "आजी, तू साहेब हो. काहीपण विचार मला." मी म्हणलं, हे काम मी एकदा केलंय आणि ते मला भोवलंय. तिला वाटलं म्हातारी गंमत करते. मग गॅसवर दोन अंडी उकडायला टाकून म्हणाली, जरा बघ गं. देव्हाऱ्यापासून सहा हातांवर, लिंगायताच्या घरात, ज्या घराण्यात कांदा आणायचा तर आधी चार जणांना विचारायचे. मी म्हणलं, तुझी तू बघ. ती गेली, आणि मी तिच्या वहीतली चार पानं फाडून बसले. दोन यत्तांच्या जोरावर लिहिते आहे, जोडाक्षर मोडलं तर तुमच्याच नावावर.

तुम्हाला अण्णाला फौजेत का घालायचं होतं, हे तुम्ही गावाला एक सांगायचे आणि खरं दुसरंच होतं. सास्तुरात सगळ्यांना सांगायचे, पोरानं घराण्याचं नाव काढावं. खरं असं, की तहसीलीत गेलं की तुम्हाला दारात उभं करायचे आणि आपल्या गल्लीतल्या दफेदाराला खुर्ची द्यायचे. निजामाच्या रिसाल्यात घोड्यावर नोकरी करून आलेला तो म्हातारा, एका डोळ्यानं अधू, घरात धड चटई नाही, पण तहसीलदार त्याला बघून म्हणायचा, बैठो. आणि किराण्याचं दुकान, वीस एकर रान, डोक्यावर जरीकाठी पटका असलेले तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून उभे. घरी आलात की आमची आई, अव्वा, ताट मांडायची आणि तुम्ही ताटाकडं न बघता म्हणायचे, "आज बी बसला त्यो." अव्वा म्हणायची, बसू द्या की, तुमची खुर्ची न्यायला आलाय का घरात. तेवढ्यावरून दोन दिवस अबोला.

त्यात बातमी आली की हैदराबादेत फौजी मदरशात अफसर करायला चांगल्या घरची पोरं घेणार आहेत आणि साहेब स्वतः उमरग्याला सडकेवरच्या सरकारी बंगल्यात येऊन मुलाखत घेणार आहे. तुम्ही त्याच दिवशी अण्णाचं नाव लिहून दिलं. अण्णाला सांगितलं दोन दिवसांनी. अण्णा तेव्हा सतरा वर्षांचा, उमरग्यात मामाकडं राहून उर्दू शाळा शिकून आलेला, अक्षर मोत्यासारखं, आवाज गोड, आणि सुपात उंदीर दिसला तर अव्वाला हाक मारणारा. त्यानं विचारलं, "अप्पा, घोडं चावतं का?" तुम्ही म्हणालात, अफसराला चावत न्हाय.

मग दफेदाराला गुरू केलं. ज्याच्या खुर्चीवर तुमचा डोळा, त्याच्याच दारात तुम्ही रोज सुपारी घेऊन जाऊन बसायला लागलात. दफेदारानं सांगितलेली एक गोष्ट तुमच्या डोक्यात बसली ती बसलीच. तो म्हणाला, "सवाल-जवाब कुछ भी नई. साहब पोरगे को टेबल पे बिठाता, अपने साथ खिलाता. तुम लोगां के पोट्टे वहींच मरते. साहब मीठा बोलेंगा, तेरेकू नक्को तो नक्को खा. वोच इम्तेहान है. पीछे हटा के गया." म्हणजे साहेब मऊ बोलला की ओळखायचं, हा सापळा आहे. ताठ उभं राहायचं आणि म्हणायचं, हुजूर, खाता हूँ, मुझे आदत है. तुम्ही घरी आलात ते विचार करतच आलात. मटणापर्यंत तुमची छाती झाली नाही. अंड्यावर तुमची आणि देवाची तडजोड झाली.

मी तेव्हा दहा वर्षांची. गावातल्या पंतोजीची शाळा दुसरीपर्यंत, ती संपवून वर्षभर शेण गोळा करत होते. मला तिसरीचं पुस्तक पाहिजे होतं. त्यात काय असतं ते ठाऊक नव्हतं, म्हणूनच जास्त पाहिजे होतं. उमरग्यात मुलींची शाळा निघाली होती, पण तुम्ही म्हणायचे पोरीला एवढं कशाला. आणि एका दुपारी, अव्वा दुकानावर बसलेली असताना, तुम्ही मला गोठ्यात बोलावलं. आत बघते तर तुम्ही पटका काढून मांडीवर घेतलेला आणि पटक्यात चार अंडी. मी दोन पावलं मागं सरले. तुम्ही म्हणालात, "भिऊ नको, चावत न्हाईत." मग आवाज उतरवून म्हणालात, "ह्ये उकडायचं आणि अण्णाला खाऊ घालायचं. मुलाखत हुईपर्यंत. अव्वाला कळता कामा नये. येवढं केलंस तर उमरग्याला गेलो की त्याच दिवशी तुझं नाव शाळंत घालतो. मामाकडं ऱ्हायचं." मी विचारलं, "लिंगाची आण?" तुम्ही गळ्यातल्या लिंगाच्या डबीला, करडगीला, हात लावला आणि लगेच काढला, कारण हाताला अंडं लागलं होतं.

अप्पा, मी त्या अंड्यांवर जीव लावला. तीन दगडांची चूल, फुटक्या कडेचं मडकं, धूर दिसू नये म्हणून कडब्याच्या गंजीआड. टरफलं उकिरड्यात खोल पुरायची, वर राख. पहिल्या दिवशी अण्णानं अंडं हातात घेतलं आणि गळ्यातली चांदीची करडगी हळूच पाठीवर सरकवली, देवाला दिसू नये म्हणून. मग डोळे मिटून गिळलं आणि तसंच गव्हाणीत ओकलं. दोन दिवस बैल त्या गव्हाणीला तोंड लावीना. तुम्ही बाहेर उभे राहून खोकत होता, कुणी आलं तर कळावं म्हणून, आणि इतके खोकलात की अव्वानं रात्री तुम्हाला हळदीचा काढा पाजला. चौथ्या दिवशी अण्णाच्या पोटात ते राहिलं. दहाव्या दिवशी मला उशीर झाला तर अण्णाच गोठ्याच्या दारात येऊन म्हणाला, "आज न्हाय का?" तिथंच मला संशय यायला पाहिजे होता. एकदा तुम्ही नवीन अंडी पटक्यात बांधून आलात आणि गोठ्याची चौकट ठेंगणी आहे हे विसरलात. कपाळावरनं पिवळा ओघळ, आणि नेमके आपले जंगम स्वामी भिक्षेला दारात. स्वामी म्हणाले, काय हो हे. तुम्ही म्हणालात, "तेल. डोकं तापतंय." स्वामी तुमच्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले.

सवाल-जवाबाचं काम पण माझ्याकडंच. घरात खुर्ची नव्हती, तुम्ही दफेदाराकडून मागून आणली, तिचा एक पाय आखूड. त्यावर बसायचं कुणी? अण्णाला उभं राहून उत्तरं द्यायची, तुम्ही बसलात तर अण्णाची जीभ टाळूला चिकटायची, म्हणून मला बसवलं. डोक्यावर तुमची टोपी, हातात बैल हाकायचा चाबूक. दफेदारानं शिकवलेले सवाल मी दोन दिवसांत पाठ केले, मग मला कंटाळा आला आणि मी मनानं विचारायला लागले. घोडा दमलाय आणि लढाई बाकी आहे, काय करशील? हुकूम चुकीचा आहे असं वाटलं तर? अण्णा रडकुंडीला यायचा. तुम्ही कडब्यावर बसून म्हणायचे, "तू निस्ता साहेब हो. जास्ती शानी हू नको." पण मी सोडत नव्हते. त्याची मुलाखत पार पडली तर माझी तिसरी, एवढं मला कळत होतं. अण्णाला फौज नकोच होती, पण माझ्याकडं बघून तो पण उत्तरं द्यायला लागला. चांगली द्यायला लागला.

उमरग्याला निघालो ते पहाटे बैलगाडीनं, तुम्ही, अण्णा, मी. माझ्या गाठोड्यात दोन परकर आणि नवी पाटी. दुपार व्हायच्या आत गावात शिरलो. मला मामाच्या दारात उतरवलं आणि तुम्ही दोघं तसेच बंगल्यावर गेलात, उशीर होईल म्हणून पाणीसुद्धा न पिता. तेवढं पाणी प्याला असता तर पुढचं काही झालं नसतं. कारण मामाच्या घरात धांदल होती. मामी भाकरी थापत होती, मामा नवा पटका बांधून अंगणात येरझाऱ्या घालत होता. मला बघून म्हणाला, "आलीस व्हय. तुझ्या अण्णाचं नशीब बघ. साहेबाचा मानूस आलता. म्हणला, पोरं लिंगायताची, बामनाची हाईत, बंगल्यातल्या बावर्च्याच्या हातचं खायची न्हाईत, त्यांचा धरम आपण मोडायचा न्हाय असं साहेब म्हनतो. लिंगायताचं जेवण आपल्या घरनं." मामाच्या तोंडावर असं तेज होतं, जसं काही साहेबानं त्यालाच फौजेत घेतलं. मी मनात म्हणलं, बरं झालं, अंड्याची कटकट मिटली. दहा वर्षांची होते, पुढचं दिसलं नाही. मामानं टोपलं घेतलं, माझ्या हातात शेंगाच्या चटणीची वाटी दिली, आणि आम्ही बंगल्यावर गेलो.

बंगल्याच्या ओसरीवरून आतलं सगळं दिसत होतं. तुम्ही बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली, वहाणा काढून. आत टेबलामागं साहेब, गोरा नव्हता, आपल्यासारखाच सावळा, मिशा पांढऱ्या, आवाज शाळामास्तरासारखा. अण्णा पुढं उभा. मी ऐकते आहे तर साहेब विचारतो, घोड़ा थक गया और लड़ाई बाकी है, तो? माझा सवाल, अप्पा. वाटीतली चटणी सांडली माझ्या परकरावर. अण्णा म्हणाला, पहले पानी पिलाऊँगा हुजूर, फिर सोचूँगा. साहेब हसला. शेजारच्या कारकुनाकडं बघून मान हलवली. मला आतल्या आत कळलं, झालं. अण्णा हैदराबादला, मी तिसरीत.

मग जेवण. साहेबानं अण्णाला खुर्चीवर बसवलं, शेजारी आणखी दोन पोरं. मामानं भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली, मी चटणी ठेवली. साहेब अण्णाला म्हणाला, आणि इतक्या प्रेमानं म्हणाला, "बेटा, घबराओ मत. यह तुम्हारे ही लोगों के घर का खाना है. तुम जो नहीं खाते, वह यहाँ कोई नहीं खिलाएगा." मी अण्णाच्या तोंडाकडं बघते. त्याला दफेदाराचं ऐकू येत होतं, साहब मीठा बोलेंगा. अण्णाचा हात गळ्याशी गेला आणि त्यानं करडगी पाठीवर सरकवली. अण्णा उभा राहिला, टाच जुळवली, आणि ज्या आवाजात मी त्याच्याकडून शंभर वेळा घोकून घेतलं होतं, त्याच आवाजात म्हणाला, "हुजूर, मैं अंडा खाता हूँ. मुझे आदत है."

मामाच्या हातात भाकरी होती ती हातातच राहिली. साहेब गडबडला. बिचाऱ्यानं आपल्या धर्मासाठी एवढी व्यवस्था केलेली. म्हणाला, अच्छा? घर में बनता है? अण्णानं, ज्याला खोटं बोलायचं कधी शिकवलं नाही आणि तिथंच आपण कमी पडलो, सांगितलं, जी हुजूर. कौन बनाता है? "मेरी छोटी बहन, हुजूर. वो खड़ी है." आणि बोट दाखवलं. आणि वरनं ताटात बघून, मला वाटतं खरंच बघत होता, सवय लागली होती त्याला, विचारलं, "आज नहीं है, हुजूर?"

साहेब भला माणूस. अण्णाची छाती मोजली, दोन बोटं कमी भरली. म्हणाला, वर्षानं परत आणा, लड़का सच बोलता है. आणि मामाकडं वळून म्हणाला, अंडे बंद मत करना. मामानं मान डोलावली, कारण साहेब होता. पण बाहेर आल्यावर लिंबाखाली त्यानं पटका काढून काखेत धरला. मामानं पटका काढला म्हणजे भांडण ठरलेलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणाला, "दाजी, घरात अंडी आनली कुनी?" तुम्ही वहाणा घातल्या. एक वहाण उलटी होती, ती काढून सुलटी घातली. बैलाच्या शिंगाकडं बघितलं. आणि म्हणालात, "हिच्या अव्वाला विचारा."

अव्वा सास्तुरात, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मामा माझ्याकडं बघायला लागला. म्हणाला, "बहीण माझी असलं करायची न्हाय. ही पोरगीच आगाऊ. दाजी, राग मानू नका, माज्या घरी देव्हारा हाय, हिला ठेवून घेनं जमायचं न्हाय." तुम्ही म्हणालात, "बराबर हाय तुमचं." एवढंच. गाडी परत फिरली. मुलींच्या शाळेवरनंच वाट होती, दारात एक पोरगी फडक्यानं पाटी पुसत उभी होती. गाडीतच राहिलेल्या गाठोड्यात मी माझी पाटी खाली दाबली. अण्णा सारखा विचारत होता, मी काय चुकीचं बोललो? तुम्ही बैल हाकत राहिलात.

घरी अव्वानं तुम्हाला विचारलं, काय झालं. तुम्ही म्हणालात, "तुझ्या भावाला विचार." असं तुम्ही त्या दोघा बहीण-भावाला एकमेकांच्या दारात उभं केलं आणि स्वतः मधनं दुकानावर गेलात. पुढं स्वामींना बोलावलं. मला आणि अण्णाला डोक्यावरनं अंघोळ, अंगभर विभूती, तीर्थ. सगळं तुम्ही शेजारी बसून करवून घेतलं. "हिच्या कानामागं लावा, स्वामी, राहिलंय." स्वामींनी शेवटी पळी तुमच्यापुढं धरली आणि विचारलं, "तुम्हाला?" तुम्ही हात पुढं केलात. म्हणालात, "द्या. घेतलं तर वाईट काय." स्वामींनी तुम्हाला तीन पळ्या दिल्या. आम्हाला एक-एक.

मी त्या दिवशी अव्वाला खरं सांगितलं होतं. तुम्हाला हे माहीत नसेल. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला ठाव हाय. गोठ्यात अंडी आपल्या आप येत न्हाईत आणि तुझ्या अप्पाचा पटका म्याच धुतला." मी म्हणलं, मग मामाला सांग. तर म्हणाली, "घरचा कारभारी अंडी आनतो म्हनून सांगू? माझं माहेर तुटंल. तुझं काय, तू पोर हायस, चार दिसांत लोक विसरत्यात." लोक विसरले, हे खरं. मी चौदाव्या वर्षी लग्न होऊन माकणीला गेले. वर्षानं साहेब काही आला नाही, आणि मग निजामाचं राज्यच गेलं. अण्णा दुकानात बसला तो मरेपर्यंत, उर्दूतनं सही करायचा, कुणी ओळखीचं नसलं तर सडकेवरच्या हॉटेलात अंडं खायचा. तहसीलीत पुढं सगळ्यांसाठी बाकडं टाकलं. तुम्हाला बसायला मिळालं, तरी तुम्ही रुसलात, कारण त्याच बाकड्यावर दफेदार पण बसायचा.

नातीला मी काल शेवटी विचारले सवाल. घोड्याचा विचारला. ती म्हणाली आजी आता घोडे नसतात. मी म्हणलं, असू दे, उत्तर दे. तिनं दिलं. मग मी आणखी एक विचारला. तुझ्या वरच्या माणसानं चूक केली आणि ती तुझ्या अंगावर आली, तर तू काय करशील? ती आरसा सोडून माझ्याकडं वळली. म्हणाली, तू असले सवाल कुठनं आणतेस.

आता एक कबूल करते. ही गोष्ट घरात निघाली की सगळे म्हणतात, एवढीशी पोर, पण बापाची अब्रू राखली, मामापुढं तोंड उघडलं नाही. मी ऐकून घेत आले. कौतुक कुणाला नको असतं. खरं असं आहे अप्पा, की मामानं विचारलं तेव्हा माझ्या तोंडात मामीनं दिलेला शेंगदाण्याचा लाडू होता, आख्खा, आणि गुळाचा पाक कडक झाल्यानं तो दातांना धरून बसला होता. तो गिळून होईस्तोवर तुम्ही बैल जुंपले होते. तोंड मोकळं असतं तर तुमचं नाव तिथंच घेतलं असतं, साहेबाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. लुगड्यांच्या खाली ठेवते. पण विचारलंय ते विचारलंय. अव्वा तिथं शेजारीच असेल तुमच्या. तिला पुढं करायचं नाही, मामाकडं बोट दाखवायचं नाही. उत्तर तुम्ही द्यायचं.